विमान गेलं की बातम्या थरथरायच्या

अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या आमच्या चाळीत टीव्ही दोनच होते. त्यातला एक लाकडी शटरचा. शटरला कुलूप असायचं आणि किल्ली शेजारच्या काकूंच्या कमरेला. संध्याकाळी सातला शटर सरकायचं, कारण सातला बातम्या. आम्हा पोरांना बातम्यांचं सोयरसुतक नव्हतं, पण त्यांच्यानंतर जे काही लागेल त्यासाठी जागा धरायची तर बातम्यांपासूनच बसावं लागे. प्रदीप भिडे समोर कागद घेऊन शांतपणे वाचत असायचे. आणि सहारच्या धावपट्टीवरून विमान उठलं की त्यांचा चेहरा पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलायला लागायचा. काळा-पांढरा, काळा-पांढरा, आधी भराभर, मग सावकाश. विमान लांब गेलं की भिडे पुन्हा जागेवर. गंमत अशी, की आवाज मात्र कधी ढळला नाही.

ही जादू नव्हती. दूरदर्शनचा मनोरा वरळीला, सुमारे ३०० मीटर उंच. तिथून निघालेल्या लहरी उत्तरेकडे येताना वाटेत सांताक्रूझचा विमानतळ लागतो आणि त्याच्या पलीकडे आम्ही. एक लहर सरळ आमच्या गच्चीवरच्या अँटेनावर यायची, दुसरी विमानाच्या धातूच्या पोटावर आपटून वळसा घेऊन यायची. दोघींची पावलं जुळली की चित्र उजळायचं, एकमेकींच्या विरुद्ध पडली की काळवंडायचं. विमान पुढे सरकत असल्यामुळे वळशाचं अंतर क्षणाक्षणाला बदलायचं, म्हणून ती थरथर. त्या काळच्या पद्धतीत चित्र लहरीच्या जोरावर, म्हणजे कमीजास्त तीव्रतेवर स्वार असायचं, त्यामुळे जोर हलला की चित्र हललं. आवाज लहरीच्या कंपनसंख्येवर बसलेला असायचा. जोर कमीजास्त झाला तरी त्याचं काही बिघडत नसे.

उंच इमारती उठायला लागल्यावर दुसरा त्रास सुरू झाला. प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचं फिकट भूत उभं. तेही परावर्तनच, फक्त इमारत हलत नाही म्हणून भूतही हलत नसे. लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ३०० मीटर जाते. तेवढा वळसा पडला की वीस इंची पडद्यावर भूत साधारण पाऊण सेंटिमीटर उजवीकडे सरकतं. म्हणजे पट्टी घेऊन बसलं असतं तर ती लहर किती जादा फिरून आली ते घरबसल्या मोजता आलं असतं. आमच्याकडे पट्टी नव्हती. एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसरा खिडकीतून ओरडायचा, ‘आलं, आलं... गेलं!’

तर ही लहर कुणाची? आम्ही ती फुकट घेत होतो का? नाही. टीव्हीला लायसन्स होतं. वर्षाला एकदा पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. रेडिओलाही वेगळं लायसन्स. १९८५ मध्ये सरकारनं घरगुती रेडिओ-टीव्हीचं लायसन्सच रद्द केलं. सगळ्यांना आनंद झाला, काकूंना सर्वांत जास्त. पण त्या दिवसापासून दूरदर्शन चालवायचा खर्च प्रेक्षकानं थेट द्यायचा राहिला. तो सरकारी तिजोरीतून आणि जाहिरातींतून येऊ लागला. घरात जो पैसे देतो त्याचं चालतं, हे आपल्याला सांगायला नको.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, दिल्लीनंतर देशातलं दुसरं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रायोगिक प्रसारण चालू होतं आणि त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे आपले पु. ल. देशपांडे होते. मुंबई केंद्रानं बातम्या वाचायला बसवलेली माणसं बघा. विश्वास मेहेंदळे, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे, ज्योत्स्ना किरपेकर, चारुशीला पटवर्धन. काही काळ स्मिता पाटीलही, सिनेमात यायच्या आधी. कुणी रंगभूमीवरचं, कुणी कवी, कुणी प्राध्यापक. बातमी वाचताना यांच्यातला एकही आवाज चढवत नसे. आज अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंतून जे काही ऐकू येतं, त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवण्यासारखी वाटते.

टीव्हीच्या आधी हे काम रेडिओनं केलं होतं. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. महाराष्ट्रात सकाळ पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांनी व्हायची आणि सुधा नरवणे यांचं नाव, चेहरा न पाहता, घरोघरी ठाऊक होतं. क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीतून करता येईल का, अशी शंका असलेल्या काळात बाळ ज. पंडित यांनी ते करून दाखवलं. पायचीत, यष्टिचीत, षटक, क्षेत्ररक्षक हे शब्द वर्तमानपत्रांनी छापले, पण ते नाक्यावरच्या माणसाच्या तोंडी बसले ते रेडिओमुळे. छापील बाजूला वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिलं. तोवर खेळाची बातमी म्हणजे उरलेल्या जागेचं भरताड.

बातम्या आणि खेळ. एरवी या दोन गोष्टींचा काय संबंध? एक कडू काढा, दुसरं श्रीखंड. तरी जगात अनेक ठिकाणी सार्वजनिक प्रसारणात या दोघी एका घरात नांदतात. सर्वांत स्वच्छ उदाहरण नेदरलँड्सचं.

डच लोकांनी १९२० च्या दशकात रेडिओ सुरू केला तो जातीनिहाय पंगतींसारखा. कॅथलिकांची संस्था वेगळी, प्रॉटेस्टंटांची वेगळी, समाजवाद्यांची वेगळी, उदारमतवाद्यांची वेगळी. प्रत्येक संस्थेचे वर्गणीदार सभासद, प्रत्येकीचं स्वतःचं कार्यक्रमपत्रिकेचं साप्ताहिक. आपल्याकडे आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ घेणारं घर आणि त्याच्या वाऱ्यालाही न उभं राहणारं घर असा भेद होता ना, तसाच, फक्त रेडिओच्या बाबतीत आणि कितीतरी जास्त पक्का. वेळ वाटून घ्यायचा आणि आपापल्या माणसांशी बोलायचं. विनोद, नाटक, प्रवचन हे असं वाटता येतं. पण आग लागली तर ती कॅथलिक आग आणि समाजवादी आग अशी वाटता येत नाही. फुटबॉलचा गोलही नाही. शिवाय टीव्हीचे कॅमेरे महाग. म्हणून बातम्या आणि खेळ या दोन गोष्टी सगळ्यांनी मिळून एका सामाईक संस्थेकडे दिल्या. १९५६ च्या जानेवारीत टीव्हीवरच्या बातम्या सुरू झाल्या आणि १९६९ मध्ये रेडिओ व टीव्हीच्या दोन सामाईक संस्था एकत्र करून एनओएस हा न्यास उभा राहिला. ठिकाण हिल्व्हर्सम, अ‍ॅम्स्टरडॅमजवळचं एक गाव. तिथे जवळजवळ सगळं प्रसारणच वस्तीला आहे, आपल्या ओशिवरा-वीरा देसाई रोडसारखं.

एनओएसकडे स्वतःचे सभासद नाहीत, मत नाही, पंथ नाही. कायद्यानं नेमून दिलेलं काम आहे: बातम्या, खेळ, संसदेचं कामकाज, राष्ट्रीय सोहळे. १९८१ पासून त्यांच्या बातम्यांची मुलांसाठी वेगळी आवृत्ती निघते आणि युद्ध असो की निवडणूक, ती मुलांना समजेल अशा भाषेत सांगितली जाते. हे आपण कधी केलं नाही, याची मला खरोखर खंत आहे. रविवारी संध्याकाळी सातला त्यांच्या फुटबॉल लीगच्या सामन्यांचा गोषवारा लागतो आणि डच घरांत तेव्हा ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवायची रीत आहे. एरवी टेबलावर शिस्तीत जेवणारी माणसं. सात वाजताची ही गोष्ट वाचली तेव्हा मला काकूंची किल्ली आठवली.

पैशाचं काय? तिथेही घरटी शुल्क होतं. १ जानेवारी २००० पासून ते बंद झालं आणि खर्च सर्वसाधारण करातून येऊ लागला, सोबत थोड्या जाहिराती. म्हणजे आपण १९८५ मध्ये जे केलं ते त्यांनी पंधरा वर्षांनी केलं. फरक पुढचा आहे. पैसा सरकारी असला तरी बातमीत काय असावं हे सरकारनं सांगायचं नाही, असा तिथला कायदा आणि त्याहून पक्का तिथला रिवाज. सगळं आलबेल आहे असंही नाही. सरकार बदललं की अनुदानाला कात्री लागते. आणि २०२० च्या ऑक्टोबरात एनओएसला आपल्या गाड्यांवरचं बोधचिन्ह पुसून टाकावं लागलं, कारण रस्त्यात लोक त्यांच्या वार्ताहरांना शिव्या देत होते, गाड्यांची वाट अडवत होते. ‘सगळ्यांची’ म्हणून स्थापन झालेली संस्था काही जणांना ‘त्यांची’ वाटू लागली. ज्या देशात असं होऊ शकतं, तिथल्या व्यवस्थेला आदर्श म्हणून देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. लहर कुणाची, हा प्रश्न आपल्याकडे बातम्यांवरून नाही, क्रिकेटवरून कोर्टात गेला.

१९९३ च्या नोव्हेंबरमध्ये हिरो कप होता. बंगालच्या क्रिकेट संघटनेनं प्रसारणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले. तोपर्यंत क्रिकेट दाखवणं हा दूरदर्शनचा जन्मसिद्ध हक्क समजला जाई आणि गंमत म्हणजे दाखवण्यासाठी दूरदर्शनच संघटनेकडे पैसे मागे. सरकारनं कंपनीला परवानगी नाकारली, परदेशातून आलेली यंत्रसामग्री मुंबईत कस्टम्सनं अडवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तात्पुरता तोडगा निघून सामने दिसले. म्हणून तर आपल्याला ती उपांत्य लढत बघायला मिळाली, जिच्या शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या होत्या आणि वीस वर्षांच्या तेंडुलकरनं तीनच दिल्या. अंतिम सामन्यात कुंबळेनं १२ धावांत सहा बळी घेतले. कोर्टातलं भांडण मात्र त्यानंतर सव्वा वर्ष चाललं.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. मुख्य निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी, पुढे पुण्यात सभा-परिषदांतून आपण ज्यांना ऐकत होतो तेच. निकालाचा गाभा असा: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको. तिचं नियंत्रण एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेकडे असावं. लोक या निकालाला क्रिकेटचा निकाल म्हणतात. माझ्या मते तो बातम्यांचा निकाल आहे, फक्त बॅट हातात घेऊन आला.

अशा संस्थेचा कायदा तर १९९० मध्येच संसदेनं केला होता, तो कपाटात पडून होता. सात वर्षांनी, १९९७ मध्ये अंमलात आला आणि २३ नोव्हेंबरला प्रसार भारती जन्मली. आकाशवाणी आणि दूरदर्शन दोन्ही तिच्या पदरात. कायद्यात तिची कर्तव्यं लिहिली आहेत. नागरिकाला मोकळी, खरी, निःपक्षपाती माहिती मिळण्याचा हक्क जपणं, हे एक. आणि निकोप स्पर्धा व खिलाडूवृत्ती वाढावी म्हणून खेळांना पुरेशी जागा देणं, हेही. म्हणजे कागदावर आपलं घर एनओएससारखंच: बातम्या आणि खेळ एका छपराखाली.

खेळाच्या बाजूनं हे घर पुढे बांधलं गेलं. २००७ च्या जानेवारीत भारत आणि वेस्ट इंडीजचा नागपूरचा एकदिवसीय सामना दूरदर्शनवर थेट दिसला नाही, कारण हक्क खासगी कंपनीकडे आणि ती चित्र द्यायला तयार नाही. सौरव गांगुली पुनरागमन करून ९८ वर बाद झाला, ते केबलवाल्यांनी पाहिलं. मग दिल्ली उच्च न्यायालयानं मधला मार्ग काढला: दूरदर्शनला चित्र द्या, पण सात मिनिटं उशिरानं. आता चाळीत याचा अर्थ काय होतो बघा. तोवर आमच्याकडे निम्म्या खोल्यांत केबल आली होती. केबलवाल्या खोलीतून ‘गेला!’ अशी आरोळी यायची आणि दूरदर्शनवाल्या खोलीत तोच फलंदाज अजून ग्लोव्हज घट्ट करत उभा. त्याला सात मिनिटं आयुष्य शिल्लक. एक आजोबा तर वैतागून म्हणाले, ‘हे क्रिकेट नाही, पत्रिका बघणं आहे.’

फेब्रुवारीतच वटहुकूम निघाला, मग कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने ज्या कंपनीकडे असतील तिनं त्यांचं थेट चित्र, स्वतःच्या जाहिराती काढून, प्रसार भारतीला द्यायचं. टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५ टक्के कंपनीला, २५ टक्के प्रसार भारतीला. भारताचे एकदिवसीय सामने, ऑलिंपिक, एशियाड अशी यादी सरकार जाहीर करतं. युरोपातही अशा याद्या आहेत. तत्त्व तेच: काही सामने असे असतात की ते बघायला खिशात पैसे असायची अट घालू नये.

बातम्यांच्या बाजूनं मात्र घर अर्धवटच राहिलं. १९७७ च्या निवडणुकीआधी दिल्लीत विरोधकांच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शननं ‘बॉबी’ लावला, ही गोष्ट जुने लोक हसत हसत सांगतात. स्वायत्ततेची मागणी त्या अनुभवातून जोर धरून आली. कायदा झाला, मंडळ नेमलं, पण पगाराचा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारी अनुदानातूनच येतो. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या बातम्या आजही मी बघतो. धरणात किती पाणी, कापसाचा भाव, विद्यापीठाचा निकाल, कुठल्या जिल्ह्यात गारपीट, हे सगळं नीट, शुद्ध मराठीत, न ओरडता मिळतं. मिळत नाही तो अवघड प्रश्न. सरकार कोणाचंही असो, मंत्र्यानं फीत कापली हे कळतं, पूल का रखडला होता हे कळत नाही. खासगी वाहिन्यांवर प्रश्न असतात, पण त्यांच्या गोंगाटात उत्तर ऐकू येत नाही.

रेडिओवर तर परिस्थिती आणखी चमत्कारिक. अंधेरी स्टेशनबाहेर रिक्षात बसलं की एखादं खासगी एफएम चालू असतं. गाणी, गप्पा, जोगेश्वरीच्या पुलावरची कोंडी, क्रिकेटचा स्कोअर, सगळं. बातम्या नाहीत. कारण खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभाच नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. टीव्हीवर शेकडो बातमीवाहिन्या चालतात, मोबाइलवर कुणीही काहीही सांगतो, पण रिक्षातल्या रेडिओवर बातमी म्हणजे अजून फक्त सरकारी छपराखालचीच. १९९५ च्या निकालात जी मक्तेदारी नको म्हटलं होतं, तिचा हा शिल्लक राहिलेला तुकडा.

आमच्या चाळीच्या जागी आता सोळा मजले आहेत. ॲनालॉग प्रक्षेपक देशभर बहुतेक सगळे बंद झाले, वरळीकडे तोंड करून बसलेले अँटेनाचे सांगाडे भंगारात गेले. आता मरोळच्या झोपड्यांच्या पत्र्यांवर छोट्या थाळ्या दिसतात, सगळ्यांची तोंडं आग्नेयेकडे. त्यातल्या बऱ्याच डीडी फ्री डिशच्या. थाळी आणि डबा एकदाच विकत घ्यायचा, महिन्याला दमडी नाही. हे प्रसारण जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं, विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर वर. देशात चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा असल्याचा अंदाज आहे. विमानाचा तिला त्रास नाही. पावसाचा आहे. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. जुलैत कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. पोरं छपरावर चढून थाळी पुसतात. थाळी पुसून काही होत नाही, ढग जावा लागतो, पण आम्हीही अँटेना फिरवतच होतो.

एक गोष्ट जाता जाता सांगून ठेवतो, कारण सामन्याच्या दिवशी यावरून घराघरांत रिमोट आपटले जातात. २००७ च्या कायद्यानं मिळालेलं चित्र प्रसार भारतीला कुठे दाखवता येईल, यावर २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: फक्त स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या फ्री डिशवर, केबलवाल्याच्या तारेवरून किंवा खासगी डीटीएचवरून नाही. म्हणून भारताचा एकदिवसीय सामना चालू असताना सोळाव्या मजल्यावरच्या महिन्याला पैसे भरणाऱ्या घरात दूरदर्शन लावलं तर तिथे दुसराच कार्यक्रम चालू असतो, आणि त्याच वेळी मरोळच्या पत्र्याखाली त्याच दूरदर्शनवर सामना दिसत असतो.